चपलांची तोंडं बाहेर

आमच्या घरमालकीण बाईंच्या मोबाइलमध्ये फक्त चपलांचे फोटो आहेत. श्रीलंकेतल्या विहाराच्या पायरीवर ऊन खात पडलेल्या चपला, इस्तंबूलच्या मशिदीत लाकडी फळीवर लावलेले बूट, नेपाळातल्या गोंपाबाहेर, म्हणजे बौद्ध मठाबाहेर, चिखलाने माखलेल्या सपाता. मागे कळस नाही, मिनार नाही, बाई स्वतः तर नाहीतच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, निवृत्तीनंतर बाई बुटांचं दुकान टाकायच्या विचारात आहेत.

"बाई, देऊळ कुठं हाय यात?" मी विचारलं.

"चपलांच्या मांगं," त्या म्हणाल्या आणि पुढचा फोटो दाखवू लागल्या.

बाई मंगरूळपीरच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. तालुक्यात त्यांचा विद्यार्थी नाही असं गाव सापडायचं नाही. एसटीत चढल्या की कंडक्टर दचकून सावरून उभा राहतो, मग त्याच्या लक्षात येतं की आपण उभेच होतो. त्याला तिकिटाच्या आधी मंगोलियाची राजधानी सांगावी लागते. बरोबर सांगितली तर बाई म्हणतात, "बस खाली," आणि तो बिचारा भरल्या गाडीत बसायला जागा शोधतो.

"सारी नोकरी नकाशावर बोट फिरवलं," त्या म्हणायच्या. "आता बोटाच्या मांगं पाय टाकून पाहातो." लग्न केलेलं नव्हतं, पेन्शन होती, गुडघे अजून बोलू लागलेले नव्हते. अकोल्याहून एक भली मोठी पाठपिशवी आणली, तिला नाव ठेवलं दप्तर. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला पांढरी टोपी आणि पाठीवर दप्तर अशा वेशात त्या वर्षातून एकदा निघायच्या. विदेशात उतरायच्या त्या एका खोलीत दहा-बारा पलंग असतात तसल्या स्वस्त जागांमध्ये. तिथे गोऱ्या पोरापोरींना सकाळी उठल्यावर चादरीच्या घड्या घालायला लावायच्या. इंग्रजी उत्तम होतं, पण रागवायचं असलं की वऱ्हाडीच. पोरांना शब्द कळत नसत, घड्या मात्र होत.

मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून आले ती नवरा गेल्यानंतर. तो पंचायत समितीत होता. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत घर रिकामं झालं. त्याच्या जागेवर मला अनुकंपाची नोकरी मिळाली. सासूबाई आसेगावच्या बाजूला आमच्या खेड्यातच राहिल्या आणि मी मंगरूळपीरला खोली शोधू लागले. बाईंनी वरची खोली दाखवली, नळाची वेळ सांगितली, आणि मग अट घातली.

"माह्या घरात राह्यचं असन त पासपोर्ट काढा लागते."

मला वाटलं ओळखपत्र म्हणून मागताहेत. आधार कार्ड पुढे केलं. ते त्यांनी बाजूला सारलं. "हे इथं राह्यासाठी झालं. जाण्यासाठी काय हाय तुह्यापाशी?" नंतर कळलं, माझ्याआधीच्या सगळ्या भाडेकरूंना त्यांनी पासपोर्ट काढायला लावला होता. एक कंपाउंडर, एक ग्रामसेवक, एक कृषी सहायक. तिघेही आपापल्या गावी सुखाने नांदताहेत आणि तिघांचे पासपोर्ट कपाटात लग्नाच्या शालूसारखे घडी घालून ठेवलेले आहेत. मीही काढला. भांडणापेक्षा ते सोपं होतं.

बाई बौद्ध. समोरच्या खोलीत बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यापुढे संध्याकाळी मेणबत्ती. नवस नाही, उपास नाही, अंगारा-धुपारा नाही. आणि तरी जगात जिथे जातील तिथे देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा, दिसेल त्याचं दार वाजवायचं. वस्तीतल्या एका भाऊंना हे खटकलं. एकदा ते घरी आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "बाई, तुमी मंदिरात जाता म्हनते. हे बरं दिसते का?"

"तुह्या घरी नाही येत का मी?"

"येता."

"मंग तुह्या घरच्या खुंटीले हात जोडतो का? तुले जोडतो. तिथंही तसंच. घर ज्यानं झाडून ठेवलं त्याले हात जोडतो, बसतो, निंगून येतो."

त्या खरंच तसं करत. गाभाऱ्याकडे पाहतही नसत फारशा. आधी झाडणारा शोधायचा, पुजारी किंवा पाणी भरणारी बाई शोधायची, त्याला नमस्कार करायचा आणि हातात रेवड्यांची पुडी ठेवायची. रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जायचं नाही हा त्यांच्या आईने घालून दिलेला नियम. रेवड्या मंगरूळपीरच्या दर्ग्याबाहेरच्या दुकानातल्या. दप्तरात कपड्यांपेक्षा रेवड्या जास्त असत. "सगळ्या धर्माले चालते आन नासत नाही," असं त्यामागचं शास्त्र. विमानतळावरच्या साहेबाने दप्तर उघडून आत पाहिलं की त्यालाही पुडी मिळे. तो घरमालक, आपण पाहुणे.

दुसरा नियम त्यांनी स्वतः केलेला होता. आत गेल्यावर काही मागायचं नाही. "मांगतलं की मानूस भिकारी झाला," त्या म्हणत. "पावन्यानं एवढंच म्हनावं, तुमी दार उघडलं, बरं वाटलं."

हे सगळं मी ऐकायची ते गंमत म्हणून. माझं आणि देवाचं तेव्हा बोलणं बंद होतं.

तसं मला कुणी काही म्हणालं नव्हतं. नवरा गेल्यावर पहिल्या नवरात्रात सासूबाईंबरोबर देवीला गेले होते. आत बायकांची ओटी भरणं चाललं होतं. एका ओळखीच्या बाईच्या हातात कुंकवाचं ताट होतं, ती माझ्यापर्यंत आली, थबकली आणि तिने ताट दुसऱ्या हातात घेतलं. एवढंच. तिचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त ओशाळला होता. त्यानंतर मीच म्हणू लागले, "तुम्ही जा आत, मी चपला सांभाळते." सगळ्यांची सोय झाली. ताटवाल्यांना ताट लपवायला नको आणि मला ते लपताना पाहायला नको. राग देवीवर होता की त्या ताटावर, हे काही मी तपासून पाहिलं नाही. मी चपला सांभाळत राहिले.

पुढच्या नवरात्रात सासूबाई माझ्याकडे मंगरूळपीरला आल्या होत्या. त्यांना गावातल्या देवीला घेऊन गेले आणि नेहमीच्या जागी उभी राहिले. बाई भाजीची पिशवी घेऊन समोरून चालल्या होत्या. मला पाहून त्या थांबल्या.

"तू इथं काहून उभी हायेस?"

"चपला पाहून राह्यली."

"कोनी अडवलं तुले?"

"नाही बाई. कोनी नाही."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. मेथीची जुडी बाहेर डोकावत होती ती नीट आत सारली. मग म्हणाल्या, "माही माय लहान असताना तिच्या मायसंग गावातल्या देवीले जाये. त्याईले आत जाऊ देत नव्हते. चपलांपाशी उभं राहायचं. नारळ नेला त तो वरून घरंगळत परत येये, आमच्या हातचा चालत नव्हता ना. पुढं धम्म घेतला तवा माय म्हने, बरं झालं, आता आपला नारळ परत येत नाही."

मी पायाजवळच्या चपलांकडे पाहिलं.

"तिले अडवलं होतं, पोरी. तुले कोनी अडवलं नाही, मंग तू कोनाची जागा धरून राह्यली?"

एवढं बोलून पिशवी उचलून त्या निघून गेल्या. जाताना पायाने दोन चपला फिरवून त्यांची तोंडं रस्त्याकडे केली. ही त्यांची आणखी एक सवय. कुठेही गेल्या की दारातल्या चपलांची तोंडं बाहेर करून ठेवायची, म्हणजे निघणाऱ्याला फक्त पाय घालायचा. शाळेत पोरांच्या चपला त्या अशाच लावून घ्यायच्या.

त्या वर्षी त्या मला मलेशियाला घेऊन गेल्या. गुडघे बोलू लागले होते, दप्तर जड झालं होतं, सोबत पाहिजे होती, असं त्यांनी सांगितलं. यातलं गुडघ्यांचं खरं असावं. मी सासूबाईंना फोन केला, त्या नाही म्हणतील अशी थोडी आशाही होती. त्या म्हणाल्या, "जाय बाप्पा. पासपोर्ट काढला ना? मंग तो काय वाळवीले ठेवला?" म्हणजे बाईंचं आणि त्यांचं आधीच बोलणं झालं होतं.

पेनांग नावाचं बेट आहे तिथे. तिथल्या जुन्या गावात एकाच रस्त्यावर चर्च, चिनी देऊळ, तमिळ लोकांचं देवीचं देऊळ आणि मशीद अशी रांग आहे. बाई त्या रस्त्याच्या टोकाला उभ्या राहिल्या आणि जत्रेत पोहोचलेल्या पोरासारख्या कुठून सुरुवात करू या विचारात पडल्या.

मी आधीच सांगून टाकलं होतं, "बाई, मी आत नाही येत. मी चपला पाहातो." चर्चमध्ये चपला काढायच्या नसतात, तेव्हा त्यांना फार चुकल्यासारखं झालं. तरी बूट हातात घेऊनच आत गेल्या. तिथली साफसफाईवाली बाई मागे धावली, तिला वाटलं यांच्या पायाला काही लागलं. मग दोघी बराच वेळ बूट, पाय आणि रेवड्या यांवर खुणांनी बोलत बसल्या. मशिदीत पाहुण्या बायकांना घालायला टोपीवाला लांब झगा देतात. तो घालून बाई इतक्या खूश झाल्या, की तिथल्या स्वयंसेवकाला त्यांनी आमच्या दर्ग्याचा रस्ता वाशिम स्टेशनपासून समजावून सांगितला. मी बाहेर बाईंचे बूट मांडीशी घेऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी गुरुद्वाऱ्यात गेलो. तिथे जोडाघर होतं. चांगल्या कपड्यांतली माणसं आतून दर्शन घेऊन यायची आणि खिडकीशी बसून लोकांचे बूट घ्यायची, पुसायची, टोकन द्यायची. बाईही दुपारभर तिथे बसल्या. मी शेजारी. मला वाटलं, चला, इथे तरी माझ्या जागेला मान आहे. तसं मी बोलूनही दाखवलं.

"हाव," बाई एका बुटावर फडकं मारत म्हणाल्या. "पन पाह्य, हे लोक आतून भायेर येऊन बसते. तू आत गेल्याबिगरच बसली."

मला राग आला. उरलेला दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

चिनी देऊळ, तेही देवीचंच, शेवटी राहिलं होतं. अंगणात कबुतरं, उसाच्या पेरासारख्या जाड उदबत्त्या, आणि धूर असा की डोळे चुरचुरावेत. मी अंगणातल्या कठड्यावर बसले. बाई आत गेल्या. तिथे एक वाकलेले म्हातारेबुवा अर्ध्या जळलेल्या उदबत्त्या उपसून जागा करत होते. बाईंनी त्यांना नमस्कार केला, पुडी दिली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, हे मला बाहेरूनही दिसलं. बाई प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी बसून गुडघे दाबू लागल्या.

थोड्या वेळाने म्हातारेबुवा सपाता फटफट वाजवत आमच्याकडे आले. एका हातात उदबत्त्यांची थोटकं, दुसऱ्या हातात आमची पुडी. त्यांनी ती बाईंच्या मांडीवर टाकली, चिनीत काहीतरी बोलले, हाताने घ्या, घ्या असं ढकलल्यासारखं केलं आणि आले तसे आत गेले. त्यांना कामाची घाई असावी.

बाई पुडीकडे पाहत राहिल्या. पुडी फोडलेलीसुद्धा नव्हती.

"परत देल्ली, पोरी," त्या म्हणाल्या.

मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. कंडक्टरला उठवणारी, गोऱ्या पोरांना चादरी झटकायला लावणारी बाई एकदम लहान दिसू लागली. रडल्या नाहीत. पुडीवरून नुसता हात फिरवत होत्या. इतक्या देशांत इतकी दारं वाजवली, एकाही दाराने त्यांच्या हातचं नाकारलं नव्हतं, आणि आता तो जुना नारळ घरंगळत येऊन त्यांच्या मांडीवर पडला होता. पुन्हा त्या कुठल्या दाराशी जातील असं मला वाटेना. म्हातारेबुवांनी पुडी नव्हे, बाईंचं पुढचं सगळं फिरणं परत केलं होतं.

माझं डोकं फिरलं. पुडी उचलली आणि ताडताड निघाले. त्या बुवांना काय आणि कुठल्या भाषेत विचारणार होते, कोण जाणे. बहुधा मीही वऱ्हाडीतच बोलले असते.

आत लांबलचक टेबल होतं. त्यावर संत्री, पाव, शेंगदाणे, चहाचे कप आणि त्यांच्यापुढे जळणाऱ्या उदबत्त्या. बुवा कोपऱ्यात पाठमोरे होते. मी त्यांच्याकडे वळणार तोच माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका म्हातारीने आपल्या ताटलीपुढची उदबत्ती किती जळली ते वाकून पाहिलं, देवीला हात जोडले, आणि टेबलावरची आपली संत्री भराभर स्वतःच्या पिशवीत भरली. पलीकडच्या माणसाने पाव उचलले. कुणीच काही ठेवून जात नव्हतं. आणायचं, देवीपुढे ठेवायचं, तिचं जेवण होईपर्यंत थांबायचं, आणि मग ते घरी न्यायचं. टेबलाच्या कडेला एका रिकाम्या जागेपुढे एक उदबत्ती जवळजवळ संपत आली होती. आमची पुडी तिथे ठेवून ती बुवांनी आमच्या वतीने लावली असणार. आम्ही मात्र थांबलोच नव्हतो. देऊन निघून आलो होतो आणि म्हाताऱ्या माणसाला आमच्या मागे पळावं लागलं होतं.

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय होतं देव जाणे, तिने पिशवीतून एक संत्रं काढलं आणि माझ्या हातात दिलं. तिला माझं कपाळ दिसत होतं, रिकामंच होतं. तिने ना ताट हलवलं ना हात. मी ते संत्रं घेतलं आणि तिथे उभी राहून लहान पोरीसारखी रडले. ती माझ्या पाठीवर थोपटत राहिली.

बाहेर आले आणि बाईंना म्हटलं, "बाई, परत नाही देल्ली. हा प्रसाद हाय. देवीनं खाल्लं, आता आपन खायचं. इथं सगळ्याईचं असंच."

बाईंनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "खरं सांगतेस?"

"आत जाऊन पाहा ना. संत्रे घेऊन चालले लोक."

त्यांनी पुडी फोडली, एक रेवडी तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळत बसल्या. मग उठून आत गेल्या आणि म्हातारेबुवांना हाताला धरूनच घेऊन आल्या. आम्ही तिघं कठड्यावर बसून रेवड्या आणि संत्रं खाल्लं. बुवांना दात थोडे होते, ते रेवडी गालात ठेवून हसत होते. बाई त्यांना भूगोल सांगत होत्या.

निघताना त्या म्हणाल्या, "आन तू आत कशी गेली वं?"

तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. "तुमच्यासाठी गेली," मी म्हणाले.

"गेली ना," त्या म्हणाल्या. "बस झालं."

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. बाईंचे गुडघे अजून भांडतात, बाई त्यांचं ऐकत नाहीत. मागच्या नवरात्रात त्या एकट्याच आर्मेनियाकडे निघाल्या होत्या आणि मी सासूबाईंकडे गावी होते. आम्ही देवीला गेलो. सासूबाई पायरीशी आल्या आणि सवयीने म्हणाल्या, "तू थांबतेस ना चपलांपाशी?"

"नाही आई. येतो मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नको म्हणाल्या नाहीत. नुसता हात पुढे केला, मला वाटतं आधारासाठी, पण तो कुणाच्या आधारासाठी होता ते सांगता यायचं नाही. आत कुंकवाची ताटं फिरत होती. एक दोन ताटं वळली, एक वळलं नाही. मी रिकाम्या हाताने गेले नव्हते, रेवड्यांची पुडी होती. ती झाडणाऱ्या मावशीला दिली, तिला नमस्कार केला. देवीकडे काही मागितलं नाही. नवरा होता, चांगला होता, माझा होता, हे बरं वाटलं, एवढंच सांगितलं. सांगताना राग आला नाही. याचं मलाच नवल वाटलं.

बाहेर आल्यावर चपलांच्या ढिगात माझ्या चपला शोधल्या. त्या तिथे पडल्या होत्या आणि त्यांच्याजवळ कुणीही उभं नव्हतं. पायात घालण्याआधी मी त्यांचा फोटो काढला.

"चपलेचा काय फोटो काढून राह्यली?" सासूबाई म्हणाल्या.

"बाईंले पाठवतो."

उत्तर संध्याकाळी आलं. बाई कुठल्याशा डोंगरावरच्या चर्चबाहेर बसल्या असाव्यात. शाबासकी येईल अशी मला अपेक्षा होती. त्यांनी लिहिलं होतं, "तोंडं आतल्या बाजूले हायेत. शिकवलं ते काय इसरली?"

मी पुन्हा देवळाकडे गेले आणि तिथल्या सगळ्यांच्या चपला फिरवून ठेवल्या.